चार्जिंग तपासायची मामांची रीत

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. साक्रीकडच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी तीस वर्षं जीप चालवली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे सिल्वासाला आले ते चार दिवसांसाठी म्हणून, आणि माझ्या बायकोच्या हट्टापायी दहा महिने राहिले. डोकमर्डीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांची अडचण आम्हाला होत नव्हती, त्यांनाच होत होती. लेकीच्या घरी बसून खायचं हे त्या पिढीच्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही. त्यावर त्यांनीच तोड काढली आणि आमची जुनी गाडी सांभाळायला घेतली.

गाडी पंधरा वर्षांची, पेट्रोलची, मुंबईला बदली होऊन गेलेल्या एका शिक्षकाकडून घेतलेली. मामा रोज सकाळी खाली जाऊन ती पुसत, पाणी-ऑइल बघत, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहत. बायकोला बाजारात न्यायचं, रविवारी सगळ्यांना दुधनीला पाण्याकाठी फिरवून आणायचं, हे त्यांचंच काम. बिल्डिंगमधले लोकही "काका, जरा हमारी भी देखो ना" म्हणून त्यांना थांबवत. वर येताना ते ड्युटीवरून आल्यासारखे येत, आणि मग दोन पोळ्या जास्त खात.

मी सामरवरणीच्या बाजूला एका प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डिप्लोमा झालेला, हातात मीटर आणि नाकावर राग. माझा राग दुधासारखा उतू जातो असं बायको म्हणते. मागे शेगडी कोण पुसतं, ते ती म्हणत नाही.

त्या सुमारास गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरू लागली. स्टार्टर जड फिरायचा, संध्याकाळी हेडलाइट पिवळट पडायचे. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीच नवी घातली होती, म्हणजे ती नीट चार्ज होत नव्हती. मी म्हटलं, रविवारी मीटर लावून बघू. मामांना रविवारपर्यंत दम निघाला नाही.

शनिवारी मी पहिल्या पाळीवरून आलो तर पार्किंगमध्ये चार माणसं जमलेली, बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि मामांच्या हातात बॅटरीवरून काढलेली वायर. जुन्या जीपगाड्यांना बॅटरी चार्ज करायला डायनामो असे, तेव्हा चार्जिंग तपासायची हीच रीत होती. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. इंजिन चालत राहिलं तर डायनामो बरा, बंद पडलं तर डायनामो गेला. आताच्या गाड्यांत त्याच्या जागी अल्टरनेटर असतो, तिथे असं करायचं नसतं, कारण आतले नाजूक भाग जळू शकतात. हे मामांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला बघून ते खुशीत म्हणाले, "जावईबापू, डायनामो चांगला आहे, इंजिन बंद नाही पडलं बघा. घरात पॉलिश पेपर आहे का?"

मी पॉलिश पेपरऐवजी मीटर आणला. वायर परत जोडली आणि चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्ट मोजले. चौदाच्या आसपास यायला हवे होते, ते बारा पॉइंट तीन आले. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

"मामा, अल्टरनेटर जाळलात तुम्ही! ही काय तुमची सरकारी जीप आहे? कळत नाही तर हात कशाला लावता?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तीही चार परक्या माणसांसमोर. दुसरं कुणी असं बोललं असतं तर मामांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. साहेबांनासुद्धा ऐकवणारा माणूस होता तो. पण मी पडलो जावई, आणि आमच्याकडे जावयाला उलट बोलत नाहीत. मामांनी फडक्याने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले, आणि म्हणाले, "चुकलं माझं. गाडी तुमची, तुम्हीच बघा." वर येऊन त्यांनी किल्ली फ्रिजवर ठेवली. मग स्वयंपाकघरात लेकीला सांगताना त्यांचा आवाज आला, "मनी चूक व्हयनी, माय."

त्यानंतर ते गाडीपाशी गेले नाहीत. सकाळभर गॅलरीत बसून राहत. जेवताना एक पोळी झाली की ताटावर हात आडवा धरत. बायको मला खुणावायची, बोला ना काहीतरी. मी म्हणायचो, निवळेल आपोआप. तोवर वापीहून दुसरा अल्टरनेटर आणून मी बसवलाही होता. पंधराव्या दिवशी मामा म्हणाले, गावी मुलाला शेतात माणूस कमी पडतोय, आणि पिशवी भरली. मी त्यांना बस स्टँडवर त्याच गाडीने सोडलं. ते मागच्या सीटवर बसले.

ते गेल्यावर आठवड्याभरात बॅटरी पुन्हा उतरली. आता मात्र मी कारखान्यात करतो तसं क्रमाने बघितलं. थेट अल्टरनेटरवर मोजलं तर चौदा पॉइंट दोन, आणि बॅटरीवर बारा पॉइंट चार. म्हणजे वीज तयार होत होती, पण पोचत नव्हती. मग मीटरची एक तार इंजिनाला टेकवली आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, तर दीड व्होल्टच्या वर आलं. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी खालच्या बाजूने हिरवी पडून कुजली होती. मी पट्टी बदलली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासली, आणि बॅटरीवर चौदा आले.

घासता घासताच माझ्या लक्षात आलं की मामांनी त्या दिवशी पॉलिश पेपर कशाला मागितला होता. ते इथवर पोचलेच होते.

तरी खात्री करायची म्हणून मी जुना अल्टरनेटर वाइंडिंगवाल्याकडे नेला. त्याने तो लावून फिरवला आणि म्हणाला, "एकदम सारुं छे, साहेब. काढ्युं केम?" मामांनी काहीच जाळलं नव्हतं. मुळात गाडी आजारी होती म्हणून त्यांनी वायर काढली होती. आजार आधीचा आणि उपचार नंतरचा, एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही. कारखान्यात मशीन अडलं की मी सगळ्यांवर ओरडतो, आधी अर्थिंग बघा. आणि घरी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. बायकोलाही सांगितलं नाही. आज करू, उद्या करू असं चाललं, आणि मग मीच माझी समजूत घातली की असलं फोनवर कशाला, समोर भेटल्यावर सांगू.

भेट झाली ती अधिक महिन्यात. जावयाला धोंड्याचं जेवण द्यायचं म्हणून मामांनी आम्हाला गावी बोलावलं. पाट मांडला होता, ताटात अनारसे आणि तांब्याचा दिवा होता. त्यांनी माझे पाय परातीत ठेवायला सांगितले. मी म्हटलं, "मामा, हे राहू द्या." ते म्हणाले, "रीत आहे." दुखऱ्या गुडघ्यांनी ते खाली बसले आणि माझ्या पायांवर पाणी घालू लागले. पाय पुसताना मान वर न करता म्हणाले, "जावईबापू, तुमची गाडी मी बिघडवली. मनातून जात नाही ते. मला माफ करा."

मेहुणा, त्याची बायको, शेजारचे दोघे, सगळे ऐकत होते. 'अल्टरनेटर चांगला होता, मामा', एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. आणि मी म्हणालो, "जाऊ द्या, मामा. माणूस आहे, चुकायचंच. मी कधीच विसरलो ते."

माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या आहेत, पण इतकी हलकट दुसरी नाही. मामांनी वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. जेवताना त्यांनी स्वतः आग्रह करकरून धोंडे वाढले. शेजाऱ्याला सांगत होते, असा जावई शोधून सापडायचा नाही, मनात काही ठेवलं नाही त्यांनी. मी खाली मान घालून जेवत राहिलो आणि सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

त्याच वर्षी थंडीत मामा गेले. तेरावं करून परतताना गाडी मी चालवत होतो, बायको शेजारी होती. खानवेल मागे पडलं. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"एक बरं झालं," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना माफ केलंत. नाहीतर बाबा तेच मनात घेऊन गेले असते."

मी "हो" म्हणालो.