साहेबांच्या सात ओळी

माझ्या साडूंनी वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत कुणाचं एकही वाक्य पूर्ण ऐकलेलं नव्हतं. यात त्यांचं स्वतःचं लग्नही आलं. शेवटचं मंगलाष्टक निम्म्यावर असतानाच त्यांनी हार घालून टाकला होता, असं माझी मेव्हणी अजून सांगते. डॉक्टर 'कुठं दुख—' म्हणेपर्यंत हे गोळीचं नाव सांगून मोकळे. एकदा मी फोनवर म्हणालो, "साडू, येत्या रविवारी आम्ही..." तेवढ्यात "येतो की!" म्हणून त्यांनी फोन ठेवला. 'घरी नाही' हे माझे दोन शब्द माझ्याकडेच राहिले. सोमवारी परत आलो तेव्हा दाराच्या कडीला भडंगाची पिशवी अडकवलेली होती. वर म्हणाले, "पावणं, बोलवायचं आणि कुलूप लावायचं, ही कुठली रीत?"

ते मूळचे खिळे जुळवणारे कंपोझिटर. शिशाचे खिळे मोडीत गेले तसे हेही घरी बसले. पुण्याच्या थोरल्या भावानं आपल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसायला बोलावलं. कोल्हापूर सोडायचं या कल्पनेनंच त्यांचं जेवण तुटलं. मग चाळिशी उलटल्यावर त्यांनी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं आणि पोरांच्या मांडीला मांडी लावून प्रोग्राम लिहायला शिकले. शिकवणाऱ्याचं निम्मंच ऐकून हा माणूस शिकला कसा, हे मला आजही कळलेलं नाही.

दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. गावातल्या एका सायंदैनिकाचा छापखाना हातकणंगल्याला होता. पानं कोल्हापुरात तयार होत आणि दुपारी एकच्या आत तिकडच्या सर्व्हरवर जावी लागत. ऑपरेटर रोज फोनची लाइन जोडून एकेक हुकूम हातानं टाइप करी: मी अमुक, ही माझी खूण, हे पान ठेवून घे. सर्व्हर प्रत्येक हुकुमाला एक आकडा आणि एक ओळ असं उत्तर देई. एखादं अक्षर चुकलं की पान अडे आणि सीडी घेऊन मोटरसायकल पळे. हे सगळे हुकूम आपणहून देणारा आणि आकडा बघून पुढं सरकणारा प्रोग्राम साडूंनी लिहिला. मालक म्हणाले, चार लोकांसमोर चालवून दाखवा. एकच्या आत पान गेलं तर कायमची नोकरी, नाहीतर पुण्याच्या कंपनीला काम देतो. म्हणजे कंपनी पुण्याहून इकडं येणार आणि साडू इकडून पुण्याला जाणार.

मालकांना साध्या गोष्टी साध्या राहिलेल्या आवडत नसत. मॉनिटरला झेंडूचा हार, सीपीयूला हळदकुंकू, आणि नारळ फोडायला जागा न सापडल्यामुळं तो प्रिंटरशेजारी नुसता ठेवलेला. मीही पाहुण्यांत बसलो होतो. भाषणं होऊन बारा वाजले. साडूंनी बटण दाबलं. मोडेम किंचाळला, लाइन जुळली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'सर्व्हर बिघडला आहे.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

साडूंनी हातकणंगल्याला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "इकडं समदं बेस हाय. उलट सकाळपास्नं सर्व्हर नटवून ठेवलाय."

"नटवून म्हंजे?"

"मालकसाहेबांचा निरोप आलता. लाइन जुळली की आदी स्वागत दिसाय पायजे. आदरणीय, कर्तव्यदक्ष, पत्रमहर्षी... सात ओळी झाल्यात."

एरवी सर्व्हर एका ओळीत स्वागत करी. ती ओळ ऐकली की साडूंचा प्रोग्राम नाव सांगे. आज पहिली ओळ येताच त्यानं नाव सांगितलं आणि पुढं आलेलं 'कर्तव्यदक्ष' हे आपल्या नावाला मिळालेलं उत्तर समजून तो बिथरला. प्रोग्राम मालकावर गेला होता. माझ्या म्हणण्याचा अर्थ, लिहिणाऱ्यावर.

"त्या ओळी काढ," साडू दबक्या आवाजात म्हणाले.

"साहेबांचं नाव काढू? मग मला काढत्याल की."

इकडं ते नाव काढा म्हणण्याची छाती कुणाची नव्हती. पत्रमहर्षी पाहुण्यांना पेढे देत होते. साडूंनी पिशवीतून सर्व्हरच्या हुकुमांचं पुस्तक काढलं आणि एक पान उघडलं. हे पान त्यांनी पूर्वीही वाचलं होतं, वरचं अर्धं. आता खालचं अर्धं वाचलं. आकड्यापुढं आडवी रेघ असेल तर सर्व्हरचं बोलणं अजून चालू आहे. रेघ नसलेली ओळ आली की संपलं.

"सर्व्हरचं काय चुकलं न्हाय," साडू म्हणाले. "मीच मधी तोंड घातलं."

ते लिहीत बसले. पाऊण वाजला. मालकांनी घड्याळाकडं दोनदा आणि पाहुण्यांत बसलेल्या पुण्याच्या कंपनीच्या माणसाकडं एकदा पाहिलं. साडूंनी बटण दाबलं. सात ओळी एकेक करून आल्या, प्रोग्राम गप्प. सातवीला रेघ नव्हती. मग त्यानं नाव सांगितलं, खूण सांगितली, पान दिलं. एकला चार मिनिटं असताना पान पोचल्याचा आकडा आला.

सत्काराची शाल यायच्या आत साडू माझ्या स्कूटरवर बसले होते. "हातकणंगल्याला चला."

"आकडा आलाय की."

"आकडा आलाय. पान कुठं बघितलंय?"

छापखान्यात त्यांनी पहिलाच अंक उचलला आणि उभ्या उभ्या वाचला. बातम्या, निधनवार्ता, सगळं. मग समोरच्या बूथवरून पुण्याला फोन केला.

"दादा, दुकानाला दुसरा माणूस बघ. माझं हितंच जमलं."

"चिडले का?" मी विचारलं.

"न्हाय. बरं झालं म्हणाला." आणि चष्मा पुसायचं निमित्त करून ते भिंतीकडं वळले.

ते सायंदैनिक पुढं बंद पडलं. तोवर साडूंनी आणखी दोन छापखान्यांना असे प्रोग्राम लिहून दिले होते आणि कसबा बावड्यात दोन खोल्या बांधल्या होत्या. त्या दुपारचा अंक त्यांनी मला दिला, तो माझ्या कपाटात आहे. कागद पिवळा पडलाय, घडीवर विरलाय. तेव्हा बोटांना लागलेली शाई आता लागत नाही. पण पान पूर्ण आहे, खालच्या कोपऱ्यातल्या चपलांच्या जाहिरातीसकट.