पलीकडचा फोन

वायरकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. घरात अजून तारेचा फोन, आणि रोज संध्याकाळी त्यावर शेजारच्या गावातल्या अक्काशी गप्पा. अक्का त्यांची थोरली बहीण. डोळ्यांना मुळीच दिसत नाही. बटणं चाचपून फोन लावायची. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर ती बिचारी काय चाचपणार? म्हणून काकांनी मोबाइलला घराचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता.

आणि आता खात्याने कळवलं, तारेचे फोन महिनाअखेर बंद. अक्काशी बोलायचं कसं?

"माझ्या आईचं शिलाई मशीन बघा," काकू म्हणाल्या. "बाजारात किती नवी आली, पण थेंबभर तेल घातलं की हे आपलं धावतंय. तुमच्याच धंद्याला मेला नव्याचा सोस!"

"तुझ्या मशीनला पलीकडे दुसरं मशीन लागत नाही," काका फणकारले. "माझा फोन कितीही ठणठणीत असू दे, पलीकडे कुणी नसेल तर तो नुसता डबा."

एवढं कळत होतं, तरी सवय जाते कुठे? पिशवीत अवजारं भरून काका अक्काकडे गेले आणि तिच्या फोनची तार बदलायला बसले. फोनचं दुखणं म्हणजे तारेचं दुखणं, हेच जन्मभर शिकलेला माणूस. खातंच गाशा गुंडाळतंय, तिथे नवी तार काय कपाळ करणार!

इतक्यात उशीखालून यंत्राचा आवाज आला, "शेजारीण फोन करते आहे." अक्काने मोबाइल काढला, काचेवर सराईतपणे टकटक केलं, "नंतर बोलते गं, भाऊ आलाय," म्हणून ठेवूनही दिला.

काकांच्या हातातली पक्कड तशीच राहिली. "हे कधीपासून?"

"झाली की दोनेक वर्षं. नाव सांगितलं की आपला आपण लागतो. फार सोपं आहे रे."

"मग तारेचा कशाला ठेवलास?"

"तू दुसरीकडे सापडतोस कुठे? सगळी माणसं मोबाइलवर आली, एक तूच नाहीस."

काकांना हसावं की रडावं कळेना. बहिणीसाठी आपण थांबलोय, अशी आजवर त्यांची ऐट. थांबली होती ती. त्यांचे डोळे भरून आले. पक्कड पिशवीत टाकून ते अक्काजवळ सरकले.

"सांग, आधी कुठे दाबायचं?"

अक्काने चाचपून त्यांचं बोट धरलं आणि काचेवर टेकवलं.