यादीत दोनदा दिसणारा फॉन्ट

आमच्या खानदानातला पहिला पदवीधर मी. हे मी कुठेही सांगतो. पण कॉम्प्युटर शिकलो तो कॉलेजात नाही, आमच्या गावी आरमोरीत, भाऊच्या दुकानात. भाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ, दहावी नापास. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात, त्यांचे पोस्टर भाऊ करायचे. आधी ब्रशने, मग कॉम्प्युटरवर. फुकट मिळतं म्हणून त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं.

तयार अक्षरं त्यांना पटत नसत. म्हणायचे, "हे अक्षर नोटीसवानी दिसते बे. नाटकाच्या अक्षरानं दुरून बलावलं पायजे." शेवटी त्यांनी लिनक्ससोबत आलेला एक मोफत फॉन्ट घेतला आणि स्वतः ब्रशने काढलेली अक्षरं एकेक करून त्यात बसवली. कितीतरी दुपारी त्यात गेल्या. मग फाइलला नवं नाव दिलं, पण फॉन्टच्या आत लिहिलेलं नाव बदलायचं राहिलं. फॉन्टच्या यादीत दिसतं ते आतलं नाव. मूळ फॉन्ट सिस्टिमच्या फोल्डरात, भाऊचा त्यांच्या स्वतःच्या फोल्डरात, आणि यादीत एकच नाव दोनदा.

ऊर्जानगरला नोकरी लागली तेव्हा तो फॉन्ट मी पेनड्राइव्हवर सोबत नेला आणि माझ्याही लिनक्सवर, माझ्या फोल्डरात टाकला. दोन वर्षांनी भाऊ गेले. त्यानंतर एकदा मी माझ्या कॉम्प्युटरवरची फॉन्टची यादी साफ करायला बसलो. एकच नाव दोनदा दिसतं म्हणजे गलती, एवढं शिकलेल्याला कळतंच. एक उडवून टाकला.

यंदा गावच्या नाटक मंडळाचा फोन आला. "पोस्टर भाऊच्याच अक्षरात पायजे." मी नाटकाचं नाव टाइप केलं, तर अगदी नोटीशीची अक्षरं. तेव्हा कळलं. सिस्टिमच्या फोल्डरातलं काही उडवायचं तर पासवर्ड लागतो. मला पासवर्ड विचारलाच नव्हता. म्हणजे मी भाऊचाच उडवला होता. पेनड्राइव्ह तर केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला लावलेला.

रविवारी पहिल्या बसने आरमोरी गाठली. दुकान बंद झालंय. कॉम्प्युटर भाऊच्या घरी, चादरीखाली.

"चालू होते का नाई, मले मालूम नाई," वैनी म्हणाल्या.

बराच वेळ घरघरला, मग चालू झाला. मी यादी उघडली. नाव दोनदा. पहिलं उघडलं, ते मूळचं. दुसरं उघडलं आणि ब्रश उचलताना राहते तशी शेपटी प्रत्येक अक्षराला दिसली.

"एकच नाव दोनदा काऊन हाय?" वैनींनी विचारलं.

"एक बाहेरचा, एक भाऊचा. त्याईचं नाव बदलायचं राहून गेलं. मी बदलून देऊ? भाऊचं नाव टाकतो."

"आता आला नाव टाकाले. हे गेल्यापासून दोन वर्षं कुठी होता?"

मी माउसवरचा हात काढला. त्याच मग म्हणाल्या, "राहू दे, जसं हाय तसं. पोस्टर इथीच कर. मले पाहू दे."

खुर्चीवर भाऊची पोत्याची घडी अजून होती. तिच्यावर बसून मी नाटकाचं नाव टाइप केलं, मोठं केलं. वैनी उठल्या आणि अंगण ओलांडून फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, तिथून दिसतं का ते पाहायला.