भास्करभाऊ आणि माझा डावा हात

स्टेजवर आले की भास्करभाऊ आधी खाली पाहायचे. वायरी, कुणाचे जोडे, पाण्याच्या बाटल्या असं सगळं बाजूला सारून ते ढोलकीवाल्याच्या मागे दोन पावलांपुरती जागा करायचे आणि तीन तास तिथून हलायचे नाहीत. नांदुऱ्याच्या आमच्या ऑर्केस्ट्रात त्यांनी अठ्ठावीस वर्षं बेस गिटार वाजवली. एकाही फोटोत ते पूर्ण आलेले नाहीत. कुठे कोपर, कुठे अर्धा चष्मा. एका फोटोत नुसतं गिटारचं टोक आहे आणि ते राजाभाऊंच्या डोक्यातून उगवल्यासारखं दिसतं.

राजाभाऊ म्हणजे आमचे मालक, मुख्य गायक आणि स्वतःच्या मते संगीताचा शेवटचा शब्द. मी, विलास, कीबोर्डवर. दिवसा शाळेत कारकून, संध्याकाळी कलावंत, दोन्हीकडे काम बेताचंच. भास्करभाऊंची गावाबाहेर वांगी-टमाट्याची बागायत होती. खताच्या पोत्यापासून शिवलेल्या खोळीत गिटार घालून ते जीपपाशी सगळ्यांच्या आधी हजर असत.

बेस म्हणजे काय, हे आमच्या श्रोत्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा उंद्रीला गणेश मंडळाच्या अध्यक्षांनी स्टेजवर येऊन त्या गिटारच्या तारा मोजल्या. चारच भरल्या; बेसला असतातच चार.

"भाऊ, दोन तारा तुटल्या काय? आमच्या गनपतीले तरी अख्खी गिटार आना लागत होती."

"हाव, चुकलंच," भास्करभाऊ शांतपणे म्हणाले. "आज चारवर भागवून घ्या."

अध्यक्षांनी मोठ्या मनानं भागवून घेतलं.

सुनंदाताईंचं मात्र त्यांच्यावाचून पान हलत नसे. त्या आमच्या गायिका. डोळे मिटून गायच्या आणि मधेच कुठेतरी भरकटायच्या. भास्करभाऊ मागून एकच सूर असा ठेवत, की बाई आपोआप जागेवर परत येत. मी वाजवताना पुढे धावलो की त्यांचा आवाज यायचा, "घाई कायची हाय बे? गानं काही पळून नाही जाऊन राह्यलं."

मग राजाभाऊंनी स्टेजवर धूर सोडणारं यंत्र आणलं. जीपमध्ये त्याला बरोबर एका माणसाची जागा लागत होती. कोणाला उतरवायचं यावर सर्वांच्या समक्ष, भास्करभाऊंच्याही, बैठक झाली. निकाल अर्थातच आधी लागला होता.

"लोकायले धूर दिसते. बेस कोनाले दिसते?" राजाभाऊ म्हणाले. "आन विलासचा डावा हात तसाबी रिकामाच असते. बेस तो वाजवीन."

मी कडाडून विरोध केला, मनातल्या मनात. तोंडानं म्हणालो, "जमेल बहुतेक."

भास्करभाऊंनी पुढचा कार्यक्रम कधी आहे ते विचारलं. पंधरा दिवसांनी धामणगाव बढ्याला होता. "पंधरा दिस कमीच हायत," एवढं बोलून ते निघून गेले.

मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत भाजी टाकून परस्पर माझ्या दारात उभे. "काहाड तुयी पेटी."

रोज आले. माझा डावा हात धरून पट्ट्यांवर ठेवायचे. "तुये बोटं लय बोलते बे. या हातानं मोजकं बोल." त्यांचीच जागा घ्यायला तेच मला शिकवत होते, याची लाज वाटून एकदा मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही काऊन शिकवून राह्यले मले?"

"मंग काय सुनंदाताईले चारचौघात उघडं पाडतं?"

"पण तुम्ही घरी तरी वाजवाल ना?"

"कोनासंगं?" ते म्हणाले. "हे येकट्यानं वाजवाची चीज नाही." आणि चहा तसाच ठेवून उठले.

धामणगावला ते एसटीनं आले आणि पहिल्या रांगेत बसले. धूर सुटला. सर्वात आधी राजाभाऊंनाच खोकला आला. सुनंदाताईंच्या गाण्यात माझा डावा हात घसरला, दुसऱ्या कडव्यात तर पार बावचळला. घाबरून समोर पाहिलं तर भास्करभाऊंचा अनवाणी पाय जमिनीवर ठेका देत होता. मी नजर त्या पायावरून काढलीच नाही. सुनंदाताई डोळे मिटून गात राहिल्या.

शेवटी राजाभाऊंनी माइकवर विचारलं, "आमचा येक माणूस कमी झाला. कोनाले काही फरक समजला काय?"

"नाही!" सगळा मांडव ओरडला. टाळ्या पडल्या. भास्करभाऊंनीही वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला मी खाली उतरून त्यांच्यापाशी गेलो.

"कोनालेच फरक नाही समजला म्हनजे तू बराबर वाजवलं," माझ्या खांद्यावर हात ठेवत ते म्हणाले. चपला घातल्या, दोन पावलं गेले आणि वळले. "दुसऱ्या कडव्यात मले समजला. तेवढं पाहून घेजो."

त्यानंतर ते कुठल्याच कार्यक्रमाला आले नाहीत. मागच्या वर्षी गेले. दुसरं कडवं माझं अजूनही चुकतं. आता ते कोणालाच समजत नाही.