लाल दोऱ्याची ताटं

अजूनही देवळाबाहेर विकायला ठेवलेला लाल दोरा दिसला की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, किड्यांवर अभ्यास करणारी माणसं शांत असतात. असतील. मी नव्हतो.

निजामी अमदानीची ती शेवटची वर्षं. मी हैदराबादला जीवशास्त्रात डॉक्टरेट करत होतो. विषय ज्वारीचा खोडकिडा. ही अळी ज्वारीच्या कोवळ्या ताटात, म्हणजे खोडात, शिरते, आतून पोखरत जाते, आणि बाहेरून ताट कित्येकदा हिरवंगार दिसत राहतं. अशा किती अळ्या कापणीपर्यंत जगतात हे मला दाखवायचं होतं. त्यासाठी झरीच्या शिवारातल्या आमच्या रानात दोनशे ताटं निवडून प्रत्येकाला मी लाल दोरा बांधला होता. हिरव्या रानात लाल लांबून दिसतो, एवढाच विचार. दर पंधरवड्याला आगगाडीनं परभणी, तिथून बैलगाडीनं झरी, आणि ताटागणिक नोंद. कापणीला ती उभी चिरून अळ्या मोजल्या की प्रबंध पुरा होणार होता. शिष्यवृत्तीचा सरकारी वजीफा त्याच उन्हाळ्यात संपत होता, म्हणजे दुसरी संधी नव्हती.

रान चुलता बघायचा. वडील गेल्यावर त्यानंच मला शिकवलं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. दोरे कशाला, म्हणून त्यानं एकदा विचारलं होतं. "अभ्यासाचं हाय," एवढंच मी म्हणालो. पुढं सांगायची तसदी घेतली नाही. त्याला काय कळणार, असं वाटलं. हे लिहितानाही मला स्वतःचा संताप येतो.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस असते. घरदार शेतात जातं. ज्वारीच्या हिरव्या ताटांची झोपडीसारखी कोप उभारतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करतात, मग आंबील आणि मिश्र भाज्यांच्या भज्जीचं जेवण. मी आदल्या दिवशीच पोहोचणार होतो. पण आमच्या प्रोफेसरसाहेबांकडे कुणी बडा अंमलदार प्रयोगशाळा बघायला येणार होता, म्हणून साहेबांनी मला मेलेल्या सापांच्या बरण्या पुसायला बसवलं. चार दिवस. अंमलदार आला, चहा पिऊन गेला. बरण्यांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

येळवशीच्या दुपारी मी बांधावर पोहोचलो तर समोर कोप उभी. तिच्या प्रत्येक ताटाला लाल दोरा होता.

"ह्या ताटांना हात लावायला कुणी सांगितलं तुमाला?" मी ओरडलो.

चुलता हसतच पुढं आला. "तू देवासाठी निवडून ठिवलीस न्हवं? लय बरं वाटलं बघ. एवढा शिकला पर येळवस इसरला न्हाई, असं समद्यांना सांगायलोय सकाळपासून."

मी कोप ओढून पाडली. आंबिलीचं मडकं कलंडलं, दगड उघडे पडले. चुलती वाढता वाढता थांबली. तिथंच फतकल मारून मी विळ्यानं एकेक ताट चिरायला लागलो. अळ्या होत्या, जिवंतही होत्या. पण कापणी अजून दीड-दोन महिने लांब होती, त्यामुळे त्या मोजून काही उपयोग नव्हता, आणि हे मला कळत होतं. तरी चिरत राहिलो. मला त्या माणसांना दुखवायचं होतं. खाली वाकून चुलत्यानं पाच दगडांवर आपलं उपरणं टाकलं.

हैदराबादला साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अंदाजानं आकडे भरून टाका मियाँ. परभणीला जाऊन कोण अळ्या मोजतंय?"

मी नाही म्हणालो. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, निव्वळ संताप होता. दोनशे ताटांपायी मी घरचा देव उघड्यावर आणला होता, आणि हा माणूस म्हणत होता की ताटं नसली तरी चालतं.

वजीफा गेला. मी झरीला येऊन राहिलो. चुलत्यानं पुन्हा ज्वारी पेरली, मी पुन्हा दोरे बांधले, या खेपेला पांढरे. एक ताट चिरून त्याला अळी दाखवली. त्यानं ती तळहातावर घेतली. "हिला तर आमी ल्हानपणापसून वळखतो," तो म्हणाला. "कोणत्या रानात लय असती, कोणत्या रानात न्हाई, समदं ठावं हाय. तू कवा इचारलंच न्हाईस." त्या येळवशीला चुलत्यानं रानातल्या एकाही ताटाला विळा लावू दिला नाही, म्हणून कोप उभी राहिली नाही. दगड उघड्यावर मांडले, वर उपरणं धरलं. शेजारचे नको ते बोलले. कापणीला मी अळ्या मोजल्या, प्रबंध दिला, पदवी मिळाली.

पुढच्या येळवशीला रानात माझा एकही दोरा नव्हता. चुलता विळा घेऊन बांधावर उभा होता. जन्मभर ते रान त्यानं कसलेलं. मला म्हणाला, "कोणत्या ताटाला हात लावू?"

"कोणतंबी कापा की काका. रान तुमचंच हाय."

"न्हाई. तू दाखव."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो. तो खरोखरच वाट बघत होता. माझे कान तापले, पण राग काढावा असं त्या रानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी बोटानं एकेक ताट दाखवत गेलो आणि तो कापत गेला.