शेअरचे मेसेज माझ्या फोनवर

आमचे हे चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. मशीनचं काम काढलं की मेन स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे मधेच कुणी मशीन सुरू करणार नाही, हा तिथला नियम. एकदा मॅनेजर किल्ली मागायला आला, तर ह्यांनी त्यालाही दिली नाही. ही गोष्ट मी लग्नापासून इतक्यांदा ऐकलीय, की मधे चहाचा घोट कुठे घ्यायचा तेही मला पाठ झालंय.

तर असे हे सावध गृहस्थ. गेल्या वर्षी चिखलीतल्या आमच्या घरी ह्यांनी लॅपटॉपवर शेअरची आपोआप खरेदी-विक्री करणारं सॉफ्टवेअर बसवलं. पैसे माझे. ब्लाउज शिवून साठवलेले, मोठं शिलाई मशीन घ्यायला ठेवलेले. "दिवाळीला एक सोडून दोन घेशील," म्हणाले. आणि मी दिले. बोलतात गोड, काय करणार!

अडचण एकच. कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे दिवसभर ह्यांचा जीव टांगणीला. मग शेअरवाल्यांच्या कुठल्याशा ग्रुपवरून ह्यांनी त्या सॉफ्टवेअरला जोडायचं एक फुकटचं अ‍ॅड-ऑन उतरवून घेतलं. सॉफ्टवेअरनं काही घेतलं-विकलं की माझ्या फोनवर मेसेज यायचा, आणि चहाच्या सुट्टीत हे डिपार्टमेंटच्या फोनवरून विचारायचे, "काय म्हणतंय?" मी काज-बटण करता करता वाचून दाखवायची.

ते बसवताना त्यानं शेअरच्या खात्याचा पासवर्ड मागितला होता. लॅपटॉपनं धोक्याची पाटीही दाखवली.

"हे बनवणारा माणूस कोण?" मी विचारलं.

"अगं, ग्रुपवरचे सर आहेत. तेच म्हणालेत, पाटी आली की अँटीव्हायरस बंद करा."

मॅनेजरला किल्ली न देणाऱ्या माणसानं कधी न पाहिलेल्या सरांना पासवर्ड देऊन टाकला. वर मलाच म्हणाले, तुला ह्यातलं कळत नाही.

एका मंगळवारी मेसेजची रांगच लागली. खरेदी, खरेदी, खरेदी. मला वाटलं, आज काय चांदी आहे बाई! ह्यांचा फोन आल्यावर हौसेनं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "अगं, हे मी लावलेलंच नाहीये."

गेटपास काढून, फोन सोडवून, ह्यांनी खातं बंद करायला लावलं. तोवर व्हायचं ते झालं होतं. पासवर्ड हाती लागलेल्या कुणीतरी पडीक शेअर चढ्या भावानं आमच्या गळ्यात मारले होते. माझं मशीन गेलं.

संध्याकाळी हे मान खाली घालून आले. मी बोलायचं ते सगळं बोलले, आणि रडलेही. मग कळलं, तेच अ‍ॅड-ऑन ह्यांनी शिफ्टमधल्या चौघांना मोठ्या रुबाबात दिलं होतं.

"आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना," मी म्हणाले.

"हसतील गं सगळे."

"हसू देत."

ह्यांनी खिशातून फोन काढला. मग लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "ते काढून टाका, पासवर्ड बदला. माझे पैसे गेले."

"कुणाचे?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'माझे' खोडलं, 'बायकोचे' लिहिलं, आणि पाठवून दिलं.