तरसाची दाढ

निजामाच्या मोगलाईत शिकायचं म्हणजे उर्दूत शिकायचं. मी धनगराच्या घरातला. अंबाजोगाईहून पुढं हैदराबादेला शिकायला गेलो, तेव्हा पोरगं हातचं गेलं असंच आबांना वाटलं. सुटीत गावी, तलवाड्याला आलो की ते जेवणाखाण्याचं विचारत. त्यापुढं आम्हा बापलेकांचं बोलणं सरकत नसे.

एका सुटीत मी त्यांच्यासोबत मेंढरांमागं गेलो. ओढ्याच्या कडेला जबड्यासकट एक कवटी पडली होती. "तरसाची हाय," आबा लांबूनच म्हणाले.

बोलायला काहीतरी सापडलं म्हणून मी सांगू लागलो, "आबा, मांस खाणाऱ्या जनावरांच्या दोन शाखा असतात. एक कुत्र्याची, एक मांजराची. आमचे मास्तर तरसाला मांजराकडं घालतात."

आबा मोठ्यानं हसले. "तुझा मास्तर मेंढरामागं गेलता का कधी? तोंड कुत्र्यावानी, नखं कुत्र्यावानी. मग मांजराकडं कावून?"

"दाढांवरून. खालच्या जबड्यात मांस कापायची मोठी दाढ असते ना, तिच्यामागं कुत्र्याला अजून दोन बारक्या दाढा असतात. मांजराला नसतात."

आबांचं हसू थांबलं. दात हा त्यांचा विषय. बाजारात मेंढीचा ओठ वर करून ते तिचं वय सांगत आणि लोक ते मानत. त्यांनी कवटी मांडीवर घेतली, जबड्यावरून अंगठा फिरवला. मोठ्या दाढेमागं नुसतं हाड. मग आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला बोलावून त्याच्या तोंडात बोट घातलं. "एक… दोन." कुत्रा बिचारा शेपूट हलवत उभा राहिला.

घरी आल्यावर त्यांनी आईची मांजर धरली. मनगट रक्तानं भरलं, पण दाढ बघूनच सोडली. आई हळद लावत बोलत होती, "म्हातारपणी हे काय खूळ?"

"मास्तर खरा हाय तुझा," आबा मला म्हणाले. "बस इथं. अस्वल कुणाकडचं?"

"कुत्र्याकडचं."

"आन् मुंगूस?"

"मांजराकडचं."

"तरसाचे मागचे पाय आखूड कावून?"

"ते मला ठाऊक न्हाई, आबा."

"मग इचारून ये. लवकर ये."

मास्तरांनाही ते सांगता आलं नाही. पुढच्या सुटीत मी तसं कबूल केलं, तर आबांना लई बरं वाटलं.